रोझा, मी 'हो' म्हटलं होतं

रोझा, काल शाळेत तुझी शोकसभा झाली. बोलायला मला उभं केलं, कारण तुझी मैत्रीण म्हणजे मी. पाचच मिनिटं बोलले. तू पुस्तकात न बघता फळ्यावर नकाशा कसा काढायचीस, मुली तुला किती भ्यायच्या आणि तरी तुझ्याच मागं मागं कशा असायच्या, असं काहीबाही सांगितलं. मुली रडल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "कुसुमताई, फार मनापासून बोललात." मी खाली बसले तेव्हा माझे पाय लटपटत होते. सगळ्यांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण पाय लटपटत होते ते भीतीनं, आणि ही भीती कालपरवाची नव्हे. चौदा वर्षं मी ती तुझ्या शेजारी बसून वागवली. तुझ्या डब्यातली भाजी खाताना, तुझ्याबरोबर रंकाळ्यावर चालताना ती माझ्याजवळ होती. तुला ती कधी दिसली नाही. निदान मला तसं वाटतं.

सभेत जे बोलता आलं नाही ते इथं लिहिते आहे.

तुझ्या बहिणीचं तू मला पहिल्यांदा सांगितलंस ते शिक्षकांच्या खोलीत, परीक्षेचे पेपर तपासताना. तुला या शहरात येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बोलताना तुझं लाल पेन चालूच होतं, म्हणून आधी मला वाटलं की तू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगते आहेस. थोरली बहीण, तू तिला बाय म्हणायचीस. आई गेल्यावर आजऱ्याच्या घरात तिनंच तुला वाढवलं, वेण्या घातल्या, शाळेत पाठवलं, आणि तू मोठी झालीस तशी ती व्रत घेऊन कॉन्व्हेंटची सिस्टर झाली. आजऱ्याच्या पलीकडं एका खेड्यात मिशनचा दवाखाना होता, तिथं तिची नेमणूक झाली. एका दुपारी तापानं फणफणलेलं चार वर्षांचं पोर तिथं आणलं. तिनं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात पोर गेलं.

टेबलावर औषधाच्या दोन सारख्या बाटल्या होत्या. लोक आत धावले तेव्हा त्यातली एक धुऊन पालथी घातलेली होती. "बाय प्रत्येक बाटली लगेच धुवायची," तू म्हणालीस. "घरातही तिला खरकटं भांडं बघवायचं नाही. पण त्या दिवशी धुतली ती का धुतली, हे लोक विचारायला लागले. म्हणजे एकमेकांना. तिला कुणीच विचारलं नाही."

पोराचा बाप म्हणाला, देवानं नेलं. तक्रार झाली नाही, चौकशी झाली नाही. पण सिस्टर रस्त्यानं निघाली की बाया पोरं कडेवर घ्यायला लागल्या. मग वरच्या मदरनी तिला इथं कोल्हापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये बोलावून घेतलं आणि शिवणाच्या खोलीत बसवलं. रविवारी चर्चमध्ये ती बसायची त्या बाकावर जागा मोकळी राहायची.

"आणि तू?" मी विचारलं. "तू विचारलंस?"

तुझं पेन तेव्हा थांबलं. "नाही. विचारलं म्हणजे संशय घेतला. आणि विचारलं नाही म्हणजेही घेतलाच, नाही का?"

त्या मे महिन्यात तू नाटक लिहिलंस. गाव बदललंस, नावं बदललीस, बहिणीची सिस्टर आग्नेस केलीस. हौशी संघांच्या स्पर्धेत ते करायचं ठरवलंस आणि आग्नेसचं काम मला दिलंस. मी गॅदरिंगच्या पलीकडं कधी रंगमंचावर उभी राहिले नव्हते. तू म्हणालीस, "तुझा चेहरा सगळ्यांना खरा वाटतो, कुसुम." हे तू माझ्या कौतुकानं म्हणाली होतीस.

शाळा सुटली की सातवीच्या वर्गातले बाक भिंतीला लावून आपण तालमी करायचो. माझा झगा तू पांढऱ्या पलंगपोसातून शिवलास, आणि डोक्यावरच्या पट्टीला इतकी खळ दिलीस की कपाळावर वळ उठायचे. तुला दोन्हीकडून धास्ती होती. "तुमच्या लोकांनी हसू नये आणि आमच्या लोकांनी चिडू नये, एवढं झालं तरी मी मेणबत्ती लावीन," असं तू रोज म्हणायचीस. फादरनी नाटकाची वही मागवून घेतली, आठ दिवस ठेवली आणि काही न बोलता परत दिली. त्या न बोलण्यानं तू जास्त घाबरलीस.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. तिनं केलं, का नाही? तुझ्या नाटकात ते कुठंच नव्हतं. प्रत्येकजण संशय घेतो, प्रत्येकाकडं कारण असतं, आणि शेवटी आग्नेस कुमसाराला जाते. कुमसार म्हणजे फादरपुढं गुडघे टेकून आपलं पाप सांगणं, हे मी तुझ्याकडूनच शिकले. या प्रवेशात तू माझ्यासाठी एकही वाक्य लिहिलं नव्हतंस. फक्त सूचना होती. आग्नेस बोलते, ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. पडदा.

"अगं, पण मी म्हणू काय?" मी विचारायची.

"काहीही म्हण. पाढे म्हण."

"तिनं केलंय का नाही एवढं तरी मला सांग. मला उभं राहायचंय तिथं."

"मला ठाऊक नाही."

"तुला ठाऊक आहे. लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असं होईल का?"

यावर तू उठून बाक जागेवर लावायला लागायचीस.

लाइटवाले बाबूमामा तर तुला सरळच म्हणाले, "बाई, इचारतो म्हणून रागवू नका. ह्या सिस्टरनं केलंय का न्हाय?"

"तुम्हाला काय वाटतं, मामा?"

"मला वाटून काय करायचंय? लाइट कुठला टाकायचा त्ये सांगा की. केलं असंल तर लाल टाकतो, न्हाय तर निळा."

"पांढरा टाका," तू म्हणालीस.

आम्ही सगळे हसलो. तू हसली नाहीस.

आता पुढचं ऐक. प्रयोगाच्या दोन दिवस आधी मी ठरवून टाकलं की तिनं केलं. कुणाला सांगितलं नाही. तालमीत पाढे म्हणत गुडघ्यावर बसले की मला भोवळ यायची, आतून सगळं पोकळ लागायचं. त्या पोकळीत उभं राहायला मी भीत होते. एकदा ठरवलं आणि मग सगळं सोपं झालं. हात कुठं ठेवायचे ते समजलं, मान कधी खाली घालायची ते समजलं. तू म्हणालीस, "आज काहीतरी वेगळं झालं तुझं. फार चांगलं." मी बाक जागेवर लावायला लागले.

प्रयोगाच्या संध्याकाळी खासबागेजवळच्या त्या नाट्यगृहात तू माझा हात धरलास. "बाय आली आहे," तू म्हणालीस. "दुसऱ्या रांगेत. मदरनी परवानगी दिली. मी तिला फक्त म्हटलं होतं, नाटक आहे, ये."

"कशावर आहे ते सांगितलं नाहीस?"

"नाही. तिनं बघावं एवढंच मला हवंय. तिला कळेल."

काय कळेल, हे मी विचारायला हवं होतं. पण तिसरी घंटा झाली.

पहिला अंक कसा गेला मला आठवत नाही. दुसऱ्या अंकात मात्र मला ती दिसली, रांगेच्या कडेला, तुझ्यासारखंच रुंद कपाळ, हात मांडीवर एकावर एक. कुमसाराच्या प्रवेशात जाळीमागचे फादर अंधारात होते आणि माझं तोंड प्रेक्षकांकडं होतं. बाबूमामांनी पांढरा झोत टाकला. मी गुडघे टेकले आणि ओठ हलवले. पाढे म्हटले नाहीत. 'मी केलं' असं म्हटलं. आवाज नव्हता. पण ओठांना रंग लावलेला, तोंडावर झोत, आणि दुसरी रांग काही लांब नव्हती. पुन्हा म्हटलं, 'मी केलं.' तेव्हा माझी नजर तिच्यावर गेली आणि मला दिसलं की तिनं ते वाचलं होतं.

पडदा पडला. टाळ्या झाल्या, थोड्या उशिरानं, पण झाल्या. मी मेकअपच्या खोलीत येऊन बसले. तू कापडी पडद्याच्या पलीकडं बाबूमामांशी वायरबद्दल काहीतरी बोलत होतीस. तुझा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. आणि ती एकटीच आत आली.

"छान केलंत काम," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "एक विचारू का? कुमसाराच्या वेळी तुम्ही 'मी केलं' म्हणालात. दोनदा."

मी ओठांचा रंग पुसायला लागले.

"ते रोझानं लिहिलंय?"

रोझा, त्या क्षणी मी काय काय विचार केला ते आता मी शोधून सांगू शकते, पण खरं सांगायचं तर विचार केलाच नाही. नाही म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग कुणाचं? तिनं तुला हाक मारली असती, आणि तुझ्या नाटकाच्या नेमक्या जागी मी काय केलं हे तुला कळलं असतं. आणि तिच्या डोळ्यांत बघून 'तुम्ही केलं असं मीच ठरवलं' म्हणायची माझी छाती नव्हती. मला त्या खोलीतून सुटायचं होतं. मी म्हटलं, "हो."

"बरं," ती म्हणाली. माझी डोक्यावरची पट्टी सरकली होती. तिनं पुढं होऊन ती नीट केली, टाचणी पुन्हा लावली, आणि गेली.

तू पडदा सारून आलीस. "बाय आली होती ना? काय म्हणाली?"

"छान केलंत म्हणाली."

हे खोटं नव्हतं. पुढची चौदा वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत राहिले.

महिनाभरात तुझ्या बहिणीनं बदली मागून घेतली आणि बेळगावच्या पलीकडच्या एका कॉन्व्हेंटमध्ये निघून गेली. जाताना तुला भेटली नाही. चर्चमध्ये लोक म्हणाले, बहिणीनंच नाटक काढलं म्हणजे खरंच असणार. म्हणजे ज्या संशयाला तू नावं ठेवलीस तोच तुझ्या नाटकानं पक्का केला असं झालं. तू वही कपाटात टाकलीस आणि पुन्हा एक ओळ लिहिली नाहीस. दर नाताळला तू तिला लांबलचक पत्र लिहायचीस. तिचं छापील कार्ड यायचं, खाली फक्त सही.

एकदा पन्हाळ्याच्या सहलीत मुली पुढं गेल्या होत्या तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या नाटकानं माझी बाय गेली."

"असं नको म्हणूस."

"मग कशानं गेली? तू सांग."

मला सांगता आलं असतं. मुली हाका मारायला लागल्या आणि मी त्यांच्याकडं धावत गेले. किती आनंदानं धावले, काय सांगू.

एका वर्षी तू तिला भेटायला गेलीस. तू परत येणार त्या दिवशी मी एसटी स्टँडवर दोन तास आधी जाऊन बसले. तुला वाटलं, मायेनं आले. आज सगळं बाहेर पडलं असेल, तू गाडीतून उतरशील आणि माझ्या तोंडाकडं न बघता निघून जाशील, या भीतीनं मला जेवणही गेलं नव्हतं. तू उतरलीस. दमलेली दिसलीस. "दुसरी एक सिस्टर शेजारी बसून होती," तू म्हणालीस. "पंधरा मिनिटं बोललो. तिकडं पाऊस किती झाला, इकडं किती झाला." तुझी बहीण तुझ्याशी बोलली नाही आणि मला हायसं वाटलं, रोझा. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

आणि तू माझ्याशी कशी वागलीस. माझ्या लेकीला, मंजूला टायफॉइड झाला तेव्हा तू रजा काढून अकरा दिवस आमच्या घरी होतीस. यांचं आणि माझं बिनसलं त्या वर्षात तू एक शब्द न विचारता रोज संध्याकाळी येऊन बसायचीस, स्वेटर विणायचीस, जाताना म्हणायचीस, "उद्या येते." सासूबाई आधी तुला स्वयंपाकघरात येऊ द्यायच्या नाहीत. पुढं पुढं त्याच विचारायच्या, आज रोझा का नाही आली? माझ्या आयुष्यात जे धीराचं आहे त्यातलं निम्मं तुझं आहे. आणि तू जितकी चांगली वागलीस तितकी माझी भीती वाढत गेली, कारण हरवायला तेवढं जास्त झालं.

तुझ्या पोटाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुला कुणी सांगितलं नव्हतं, पण तुला कळलं होतं. तू म्हणालीस, "बायला तार कर. आजच कर."

मी तार ऑफिसात गेले. फॉर्म लिहिला. खिडकीतला माणूस हात पुढं करून बसला होता. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आलं की ती येईल, तुझ्या उशाशी बसेल, तुम्ही दोघी शेवटचं बोलाल, आणि एक प्रश्न, एकच प्रश्न निघेल. मी फॉर्म चुरगळून पर्समध्ये टाकला. तुला म्हटलं, केली. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही, मी जाऊन खरोखर केली. तू तिसऱ्या दिवशी सकाळी गेलीस. ती दुपारच्या गाडीनं उतरली. लोकांना मी सांगितलं, लाइन बंद होती. लाइन चालू होती.

शेवटच्या रात्री तू दोनदा विचारलंस, "आली का?" मी म्हटलं, "येईल."

मातीच्या वेळी ती माझ्या शेजारी उभी होती. साठी उलटली आहे आता, थोडी वाकली आहे. रडली नाही. मूठभर माती टाकली आणि हात झटकले नाहीत, तसेच धरून उभी राहिली. मी तिच्याकडं बघू शकले नाही.

काल शोकसभा संपली तशी मी घरी न जाता ती उतरली होती त्या इथल्या कॉन्व्हेंटवर गेले. का गेले हे मला नीट सांगता येत नाही. एवढंच की तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून खाली बसल्यावर मला वाटलं, आता आणखी एक दिवस गेला तर मी हे कधीच सांगणार नाही, आणि जन्मभर चांगलंच बोलत राहीन. फाटकाशी दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा घंटी वाजवली.

ती भेटीच्या खोलीत आली. मी बसले नाही.

"सिस्टर, ते रोझानं लिहिलं नव्हतं. ते माझं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

कुठलं, कधीचं, असं तिनं विचारलं नाही. तिला लगेच कळलं. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून ती उभी राहिली.

"मग तिनं काय लिहिलं होतं?"

"काहीच नाही. जागा कोरी होती. ओठ हलताना दिसतील, शब्द ऐकू येणार नाहीत, एवढंच. मी विचारलं तर म्हणायची, मला ठाऊक नाही."

"कोरी?"

"हो."

ती बसली. मग खालच्या आवाजात, मला सांगावं म्हणून नव्हे, म्हणाली, "त्या दोन बाटल्यांतली कुठली उचलली ते मला आठवत नाही. कधीच आठवलं नाही. हात धुतलेले आठवतात, बाटली धुतलेली आठवते. मी कुमसाराला हेच सांगायला गेले होते, की मला माहीत नाही. फादर म्हणाले, पाप असेल तर सांगा, माहीत नाही याची क्षमा कशी देऊ? काही लोकांना मी केलंय असं वाटत होतं, काहींना नाही असं. मला माहीत नाही, हे कुणी मानायलाच तयार नव्हतं." ती थांबली. "माझ्या पोरीला कळलं होतं तर. मला वाटत राहिलं, जग राहू दे बाजूला, माझ्या पोरीनंही ठरवून टाकलं."

मग मी तारेचंही सांगितलं. ती उठून खिडकीशी गेली, पाठ माझ्याकडं. अंगणात कुणीतरी झाडत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मी उभी होते.

"तुम्ही क्षमा मागायला आलात," ती म्हणाली.

"हो."

"आत्ता दिली म्हटलं तर ते नुसतं तोंडचं होईल. आत शोधते आहे, मला सापडत नाही." ती वळली. तिचे डोळे कोरडेच होते. "उद्या चारला या. येताना तिची वही आणा."

घरी आले तेव्हा यांनी विचारलं, "एवढा उशीर?" मी सगळं सांगितलं, पहिल्या 'हो'पासून. हे शेवटपर्यंत ऐकत राहिले. नंतर म्हणाले, "उद्या सोबत येऊ का?" मी नको म्हटलं.

तुझ्या कपाटातली वही आणलेली आहे. तुझी बाय मला काय म्हणेल, काही म्हणेल का, की वही घेऊन दार लावील, मला ठाऊक नाही. रात्रभर डोळा लागला नाही. रोझा, मला फार भीती वाटते आहे. साडेतीन वाजलेत. मी निघते.